मुक्काम कुठे? पिपरी मेघेहून गंडीकोट्याला चाकांवरचं घर नेताना

मार्च १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले. तिथे सर्वोदय संमेलन होतं आणि ते पायी जाणार होते. सुमारे पाचशे किलोमीटरची ही वाट त्यांनी महिनाभरात कापली. पुढचा भाग सगळ्यांना पाठ आहे. संमेलन आटोपून ते तेलंगणातल्या खेड्यांत शिरले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाला सुरुवात झाली. त्या आधीच्या महिन्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. रोज पहाटे उठून चालायचं, ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं आणि गाव देईल त्या जागेत रात्र काढायची. एवढी मोठी यात्रा चालली ती मुक्कामांच्या भरवशावर.

आज हाच प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून एका दिवसात होतो. मुक्कामाचा प्रश्न त्यामुळे सुटल्यासारखा वाटतो. पण झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्परव्हॅन घेऊन निघायचं म्हटलं की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि या वेळी उत्तर देणारं गाव ठरलेलं नसतं.

पिपरी मेघे हे वर्धा शहराला चिकटलेलं गाव. आर्वी रोडने वर्धा कुठे संपतं आणि पिपरी कुठे लागते हे नवख्याला कळत नाही. अभियांत्रिकीचं आणि शेतकीचं महाविद्यालय, नोकरदारांची घरं, निवृत्तांची घरं, आणि कित्येक घरांतली मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. मुलांकडून फोनवर कॅम्परव्हॅनचे फोटो येतात. मागे लाल खडकांची दरी, पुढे उघड्या दाराची गाडी, दारात खुर्ची. ते पाहून आमच्या वसाहतीतही बेत शिजू लागला. गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं आणि वाळवंटातली वाटावी अशी एखादी दरी पाहून यायची. बेत आखताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

दरी कोणती?

विदर्भातून दरी पाहायला जायचं म्हणजे पहिलं नाव भेडाघाटचं. नर्मदेने संगमरवरातून काढलेली ती वाट सुंदरच आहे, पण ओली, हिरवी. रखरखीत नव्हे. महाराष्ट्रात निघोजचे रांजणखळगे आहेत. कुकडी नदीने काळ्या पाषाणात कोरलेलं ते काम पाहायलाच हवं, पण ती खोल दरी नाही. लोणार हे उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे, नदीचं काम नव्हे.

लाल खडक, कोरडी हवा, तळाशी नदी आणि काठावर उभं राहून दूरवर दिसणारा कडा, असं एकत्र हवं असेल तर गंडीकोट्याला जावं. आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यात, जम्मलमडुगू गावापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, एर्रमला डोंगररांगेतून पेन्ना नदीने ही दरी कापली आहे. कर्नाटकातल्या नंदी डोंगरात उगम पावलेली पेन्ना अनंतपूरच्या कोरड्या मुलखातून इथे येते आणि पुढे नेल्लूरकडून बंगालच्या उपसागराला मिळते. कड्यापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे तीनशे फूट. जाहिरातीत याला ‘भारताचा ग्रँड कॅन्यन’ म्हणतात. अमेरिकेतली ती दरी दीड किलोमीटरहून खोल आणि साडेचारशे किलोमीटरच्या घरात लांब आहे, तेव्हा तुलना सोडलेली बरी. गंडीकोट्याला स्वतःचं असं पुष्कळ आहे.

इथला खडक क्वार्टझाइट. वाळूचे थर दाबले जाऊन, भाजून निघून कठीण झाले, ते अतिप्राचीन काळी. आपल्या वर्ध्याच्या काळ्या मातीखालचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे पोरच. थर आडवे असल्यामुळे कडे चौकोनी ठोकळ्यांचे दिसतात, जणू कुणी चिरे रचून ठेवले आहेत.

गंडीकोटा ज्या भागात येतो, तो रायलसीमा भूगोलाच्या हिशेबाने वाळवंट नव्हे, निमकोरडा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. शेजारच्या अनंतपूरचं नाव देशातल्या सर्वांत कमी पावसाच्या जिल्ह्यांत घेतलं जातं. वर्ध्यात वर्षाला जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास तिथे पडतो. गाडीत राहणाऱ्या माणसासाठी एवढी कोरड पुरे आहे.

आणि हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा ज्या काळ्या दगडाचा असायचा, तो कडप्पा याच टापूतला. ग्रॅनाइटची हौस आली त्याच्या आधी महाराष्ट्रातल्या निम्म्या पोळ्या या दगडावर लाटल्या गेल्या असतील. बेतमचर्ला, कोलिमिगुंडला भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फरशांच्या खाणी आणि थप्प्या दिसतात. ताटात जोन्न रोट्टे येते ती आपली ज्वारीची भाकरच.

वाट आणि नद्या

पिपरीहून गंडीकोटा सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. वर्धा, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, हैदराबाद, कर्नूल, नंद्याल, जम्मलमडुगू. कर्नूलपर्यंत जवळजवळ सगळा रस्ता महामार्ग ४४ चा.

ही वाट नद्यांनी मोजावी. हिंगणघाटला वेणा, यवतमाळ जिल्ह्यात शिरताना वर्धा, पिंपळखुटीपुढे राज्याची हद्द असलेली पैनगंगा, निर्मलच्या पुढे गोदावरी, बीचुपल्लीला कृष्णा, कर्नूलच्या वेशीवर तुंगभद्रा, नंद्यालला कुंदू आणि शेवटी पेन्ना. खिडकीतून मातीचा रंगही बदलत जातो. पांढरकवड्यापर्यंत कापसाची काळी, निर्मलच्या पुढे तांबूस आणि जागोजाग ग्रॅनाइटचे गोल धोंडे, कर्नूलच्या पुढे चुनखडीचा पांढुरका धुरळा.

साध्या कारने हे अंतर रात्रीचा दिवस करून एका दमात कापणारे आहेत. कॅम्परव्हॅनने ते करू नये. गाडी उंच, जड, आत भांडीकुंडी, पाण्याची टाकी. आदिलाबाद आणि निर्मलच्या मध्ये घाट आहे, आणि कर्नूलच्या पुढे फरशा व सिमेंट वाहणारे ट्रक रात्रभर चालू असतात. दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर ही आमच्या बेतातली मर्यादा. पहिला मुक्काम कामारेड्डीच्या आसपास, हैदराबादच्या अलीकडे. दुसऱ्या दिवशी शहरात न शिरता बाहेरच्या वर्तुळमार्गाने शमशाबादला उतरायचं. जवळच शिवरामपल्ली लागते. त्या रात्री कर्नूलच्या अलीकडे आलमपूर, जिथे बदामीच्या चालुक्यांनी बांधलेली नवब्रह्म मंदिरं तुंगभद्रेकाठी उभी आहेत. तिसऱ्या दिवशी बेलमची गुहा आणि संध्याकाळी गंडीकोटा.

डिझेलचा हिशेब सोपा. जाऊन-येऊन सतराशे किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर धरले तर १७० लिटर. टोल वेगळा.

गाडी आणि कायदा

इथे बहुतेकांचा बेत चुकीच्या टोकापासून सुरू होतो. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची, सीटा काढायच्या, सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचा, वर टाकी बसवायची आणि निघायचं. व्हिडिओत हे सोपं दिसतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत जे लिहिलं आहे त्याहून वेगळी अशी गाडी मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असा फेरफार चालणार नाही, हे स्पष्ट केलं. अपघात झाला तर दंडापेक्षा विम्याचं दुखणं मोठं. आरसीवर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच, असं दिसलं की दावा अडकतो.

कायदेशीर रस्ता आहे. केंद्राच्या वाहनवर्गवारीत खासगी वापरासाठीची कॅम्परव्हॅन हा स्वतंत्र वर्ग आहे आणि अशा गाड्यांची बांधणी कशी असावी याचं एआयएस-१२४ हे मानकही आहे. मान्यता असलेल्या बांधणीदाराकडून गाडी करून घ्यायची आणि आरटीओत तशी नोंद करायची. पैसे जास्त लागतात, वेळ लागतो. वर्षातून एकदा सहलीला जाणाऱ्या घराला हे परवडत नाही, हे आकडेमोड केल्यावर कळतं. त्यांनी तयार कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी. भाड्याच्या गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे मात्र आधी पाहावं, कारण वाटेत दोन राज्यं ओलांडायची आहेत.

गाडी कोण चालवणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं, हे कायम केलं. कायद्याने चालतं म्हणून हाताला लगेच जमतं असं नव्हे. आदल्या आठवड्यात आर्वीपर्यंत दोन-चार फेऱ्या माराव्यात, त्याही टाकी भरून, सामान लादून. वळणावर वरचं वजन कसं झुकतं ते रिकाम्या गाडीत कळत नाही. आणि चालत्या गाडीत पलंगावर कुणीही झोपायचं नाही. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून.

पाणी, वीज, गॅस आणि उरलेलं

दोन माणसांना दिवसाला पिण्यासाठी आठ लिटर, रांधण्या-धुण्याला तेवढंच, अंग पुसून घेण्याला दहा, असे पंचवीसेक लिटर धरले तर तीन दिवसांना पंचाहत्तर लिटर. म्हणजे पंचाहत्तर किलो वजन. ही टाकी टपावर नको, खाली हवी आणि दोन चाकांच्या मध्ये. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.

विजेत लोकांचा अंदाज फसतो. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे बाराशे वॉट-तास देते. तीस वॉटचा पंखा रात्रभर चालवला तर अडीचशे जातात. छोटा फ्रिज दिवसाला चार-पाचशे खातो. दिवे, मोबाईल धरून हिशेब जमतो, आणि टपावर सौर पॅनेल असेल तर दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा भरते. पण एसी लावला की तासाभरात सगळं संपलं. म्हणून ही सहल उन्हाळ्याची नव्हेच. मे महिन्यात वर्ध्याचा माणूस पंचेचाळीस अंशांना सरावलेला असला तरी तो सरावलेला असतो तो जाड भिंतीत आणि कूलरपुढे. उन्हात तापलेल्या पत्र्यात नव्हे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरही टाळावा. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे ईशान्य मोसमी पाऊस आणि उपसागरातली वादळं सुरू होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये कडप्पा जिल्ह्यात चेय्येरू नदीवरचं अन्नमय्या धरण फुटून गावं वाहून गेली होती. कोरड्या मुलखातली नदी आली की अशी येते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. त्यातही संक्रांतीची सुट्टी सोडून, कारण आंध्रात तो सगळ्यांत मोठा सण आणि तेव्हा अख्खा मुलूख रस्त्यावर असतो.

गॅससाठी घरातलं मोठं सिलिंडर उचलून नेऊ नये. पाच किलोचं छोटं मिळतं, ते उभं बांधून ठेवावं आणि गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद करावा. स्वयंपाक बाहेर, गाडीच्या आडोशाला. थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून आत शेगडी पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला कळतही नाही. आमचा विचार असा की एक वेळ रांधावं, बाकी शिदोरी. ज्वारीचे धपाटे दोन दिवस टिकतात, जवसाची चटणी महिना, आणि वर्ध्यातून निघाल्यावर गोरसपाकाचा डबा घेतला नाही असं होत नाही.

राहिला शौचाचा प्रश्न. याबद्दल सहलीच्या गप्पांत कुणी बोलत नाही आणि सहलीत भांडणं त्यावरूनच होतात. वाटेत पेट्रोल पंप आणि ढाबे आहेत, पण स्वच्छतागृह कसं असेल याची हमी नाही. बायकांना आणि वयस्करांना तर नाहीच. गाडीत वीस लिटर टाकीचं पोर्टेबल टॉयलेट ठेवता येतं. मग ते रिकामं कुठे करायचं? रस्त्याकडेच्या नालीत नाही, नदीत नाही. पंपावर किंवा हॉटेलात आधी विचारून, त्यांच्या संडासातच. भांड्यांचं सांडपाणीही डब्यात साठवून तसंच. हे ठरवल्याशिवाय बेत पुरा झाला असं समजू नये.

तिथे गेल्यावर

बेलमची गुहा नंद्याल जिल्ह्यात कोलिमिगुंडलाजवळ. सपाट शेतात एक खड्डा आणि त्यातून खाली चुनखडीच्या पोटात पाण्याने काढलेल्या वाटा. एकूण लांबी ३,२२९ मीटर, त्यातल्या सुमारे दीड किलोमीटरमध्ये पर्यटकांना जाता येतं. ब्रिटिश भूगर्भतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये तिची नोंद केली, आणि १९८२-८३ मध्ये जर्मन गुहाशोधकांनी आतल्या वाटा मोजल्या. आत दमट उकाडा असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी अर्ध्यातून परतायला लाजू नये.

गंडीकोट्याच्या काठावर किल्ला आहे. तिन्ही बाजूंनी दरीची साथ आणि उरलेल्या बाजूला तट. विजयनगरच्या काळात तो पेम्मासानी नायकांकडे होता. १६५० च्या सुमारास गोवळकोंड्याच्या मीर जुमल्याने तो घेतला, आणि हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी तावेर्निए १६५२ मध्ये त्याला भेटायला इथवर आला. आत माधवराय आणि रंगनाथाची देवळं, जामा मशीद, धान्याचं प्रचंड कोठार, आणि या सगळ्यांच्या मध्ये नांदतं गाव. मराठी वाचकाला आणखी एक धागा सापडेल. १७५७ मध्ये पेशव्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे कडप्याच्या नवाबाशी लढले, ते याच जिल्ह्यात.

किल्ल्याचा दरवाजा जुना आणि वळणाचा. उंच गाडी आत घालायचा अट्टाहास करू नये. बाहेर आंध्र पर्यटन महामंडळाचं ‘हरिता’ निवास आहे. तिथे विचारून, पैसे देऊन गाडी लावावी. स्वच्छतागृह, पाणी आणि चार माणसांची सोबत मिळते. दरीच्या काठाला गाडी लावून दारात खुर्ची टाकण्याचा फोटो मोह घालणारा आहे, पण कड्याला सगळीकडे कठडा नाही आणि वारा जोराचा असतो. दरीकडे चालत जावं, पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी त्या दगडांवर काही नाही, नुसती धग. खाली जे पाणी दिसतं ते मैलवरम धरणाच्या फुगवट्याचं. उतरून पोहण्याच्या भरीला पडू नये.

घर आणलं, अंगण कुठे?

मुलांनी पाठवलेल्या त्या फोटोंकडे आता परत पाहिलं तर निराळं दिसतं. उदाहरणार्थ, अमेरिकेत लास वेगासपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या रेड रॉक दरीत जायला ऑक्टोबर ते मे या काळात वेळ आरक्षित करावी लागते. एकवीस किलोमीटरचा एकेरी रस्ता संध्याकाळनंतर बंद होतो आणि दरीच्या काठाला गाडी लावून रात्री झोपता येत नाही. मुक्कामाची जागा वेगळी, तिचं भाडं वेगळं. अमेरिकेतला माणूस गाडी घेऊन बिनधास्त निघतो, कारण देशभर पाणी भरण्याच्या, वीज जोडण्याच्या, मैला रिता करण्याच्या जागा आधीच बांधलेल्या आहेत.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांइतकंच महत्त्व कॅराव्हॅन पार्कला, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या तळाला आहे. केरळनेही त्याच वर्षी असं धोरण जाहीर केलं. कागद बरोबर आहे. पण नागपूरहून हैदराबादच्या वाटेवर रात्री आठ वाजता गाडी वळवून बिनघोर झोपता येईल असा तळ शोधू गेलं की अजूनही ढाबेवाल्याच्या भलेपणावरच भिस्त ठेवावी लागते.

वर्धा जिल्हा इथे पुढाकार घेऊ शकतो. महामार्ग ४४ जाम आणि हिंगणघाटवरून जातो, ३६१ क्रमांकाचा नागपूर-तुळजापूर महामार्ग वर्ध्यावरून, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या समृद्धी महामार्गाला येळाकेळीला उतार आहे. देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम प्रवासाच्या वाटा इतक्या जवळ येतात अशी ठिकाणं थोडी. सेवाग्राम, पवनार आणि बोर अभयारण्यातला वाघ पाहायला लोक येतातच. एक एकर जागा, नळ, विजेचे बोर्ड, मैल्याची टाकी, दोन स्वच्छ संडास आणि रात्री एक चौकीदार. यापलीकडे काही लागत नाही. पर्यटन महामंडळाने, नाहीतर जिल्हा परिषदेने, नाहीतर महामार्गालगत शेत असलेल्या एखाद्या होतकरू शेतकऱ्याने हे मनावर घ्यावं.

तोवर ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी आमचा निष्कर्ष एवढाच. गाडी विकत घेऊ नका, यंदा भाड्याने घ्या. आरसी, परवाना आणि विमा निघण्याआधी वाचा. संक्रांत उरकल्यावर निघा. प्रत्येक रात्रीची जागा फोन करून, विचारून, पक्की केल्याशिवाय पिपरी सोडू नका. आणि गंडीकोट्याच्या काठावर पुढच्या पिढ्यांसाठी काही ठेवायचंच असेल, तर आपला कचरा सोडून दुसरं काहीही ठेवा. तो मात्र परत वर्ध्याला आणा.